वाळवंटातील पाणबुडे

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात अॅरिझोना नावाचे राज्य आहे. फिनिक्स ही त्याची राजधानी. हे शहर सोनोराच्या वाळवंटात वसलेले आहे. उन्हाळ्यात तेथे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, पाऊस नावापुरता पडतो आणि गावाबाहेर पडले की माणसाच्या कितीतरी पट उंचीचे निवडुंग हात वर करून उभे असलेले दिसतात. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर. अशा गावातील चार मुलांनी पाण्याच्या तळाशी काम करणारे यंत्र बांधावे आणि ते घेऊन देशातील नामांकित विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहावे, ही गोष्ट कोणी कल्पून सांगितली असती तर ती अतिशयोक्तीची वाटली असती. पण २००४ साली ती प्रत्यक्ष घडली.

फिनिक्सच्या पश्चिम भागात कार्ल हेडन या नावाची एक सरकारी माध्यमिक शाळा आहे. मेक्सिकोतून पोटासाठी आलेल्या कष्टकरी कुटुंबांची मुले तेथे मोठ्या संख्येने शिकत. कोणाचे वडील बांधकामावर राबणारे, कोणाची आई दुसऱ्यांच्या घरी झाडलोट करणारी. शाळेजवळ पैसा बेताचा होता. या मुलांकडून फार मोठी अपेक्षा करावी, असे गावात फारसे कोणाला वाटत नसे. आणि ज्याच्याकडून कोणी काही अपेक्षीत नाही तो स्वतःकडूनही थोडेच अपेक्षू लागतो. या शाळेत अॅलन कॅमेरॉन आणि फ्रेडी लाजवर्दी असे दोन शिक्षक होते. कॅमेरॉन संगणकशास्त्र शिकवीत; लाजवर्दी सागरी विज्ञान शिकवीत. वाळवंटात सागरी विज्ञान! पण लाजवर्दींना त्यात काही विसंगत वाटत नव्हते. ते मूळचे इराणचे. बालवयातच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले. परक्या देशातून आलेल्या मुलाला शाळेत कसे वाटते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

या दोघांनी शाळेत रोबो बांधणाऱ्या मुलांचा एक गट सुरू केला होता. 'रोबो' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पत्र्याचा एक माणूस उभा राहतो. हात हलवीत चालणारा आणि घोगऱ्या आवाजात बोलणारा. चित्रपटांनी करून दिलेला हा समज आहे. खरे रोबो बहुधा माणसासारखे दिसतच नाहीत. माणूस जेथे जाऊ शकत नाही किंवा जेथे त्याने जाणे धोक्याचे असते, तेथे जाऊन त्याच्या हुकुमाप्रमाणे काम करणारे यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. १९१२ साली बुडालेले 'टायटॅनिक' जहाज अटलांटिक महासागरात सुमारे ३८०० मीटर खोलीवर पडले आहे. १९८६ साली त्या जहाजाच्या आत डोकावून छायाचित्रे घेतली ती 'जेसन ज्युनिअर' नावाच्या एका लहानशा यंत्राने. ते यंत्र एका दोरासारख्या तारेच्या टोकाशी बांधलेले होते आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला, पाणबुडीत बसलेला माणूस ते चालवीत होता.

अशीच पाण्याखालची यंत्रे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधावीत, म्हणून अमेरिकेत २००२ पासून दरवर्षी एक स्पर्धा भरू लागली. २००४ च्या जून महिन्यात ती कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील विद्यापीठात व्हावयाची होती. लाजवर्दी आणि कॅमेरॉन यांनी तीत उतरण्याचे ठरविले. स्पर्धेचे दोन विभाग होते : एक मुख्यत्वे शाळांसाठी आणि दुसरा, अधिक अवघड, मुख्यत्वे महाविद्यालयांसाठी. दोघा शिक्षकांनी विचारपूर्वक दुसरा निवडला. त्यांचा हिशेब सरळ होता. आपल्याएवढ्या मुलांकडून हरले तर मुले खट्टू होतील. मोठमोठ्या विद्यापीठांकडून हरले तर त्यात कमीपणा कसला? जिंकण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हताच. शिक्षकांना पुष्कळदा असे युक्तीने हरण्याची तयारी करावी लागते.

आता गटाचे पाहू. त्यात चार मुले होती आणि चौघांचे स्वभाव चार दिशांचे होते. ख्रिस्तियन आर्सेगा हा अभ्यासात विलक्षण हुशार. वाचलेले त्याच्या डोक्यात चटकन बसे, पण इतरांत मिसळणे त्याला जड जाई. लोरेंझो सांतिलान याच्या घरासमोरच्या अंगणात त्याचा धर्मपिता लोकांच्या मोटारी दुरुस्त करी. तेथे पाने-पक्कड हातात देता देता लोरेंझोचे हात यंत्राला सरावले होते. मात्र वर्गात त्याचे लक्ष लागत नसे आणि वाईट संगतीची वाटही त्याला ठाऊक होती. लुइस अरांडा हा अंगापिंडाने भक्कम आणि मितभाषी. यंत्र पाण्यात उतरविणे, वर काढणे आणि त्याची तार गुंतू न देता सोडणे, हे काम त्याच्याकडे आले. ऑस्कर व्हास्केस हा शाळेच्या लष्करी शिक्षणाच्या तुकडीत नाव काढलेला मुलगा. शिस्त त्याच्या अंगात होती, माणसे सांभाळण्याची हातोटी होती, म्हणून पुढारीपण आपोआप त्याच्याकडे गेले.

ऑस्करच्या मनात सैन्यात जावयाचे होते. पण ते त्याला शक्य नव्हते, आणि त्याचे कारण चौघांच्याही बाबतीत एकच होते. चौघेही मेक्सिकोत जन्मलेले, आईवडिलांबरोबर लहानपणी अमेरिकेत आलेले, आणि त्या देशात राहण्याचा कायदेशीर परवाना त्यांच्यापैकी कोणाजवळ नव्हता. कोणी तान्हे असताना आले, कोणी दहा-बारा वर्षांचे असताना. येण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. ते तेथेच वाढले, तेथील शाळेत शिकले, तेथील ध्वजाला वंदन करीत आले. परंतु कागदोपत्री ते परके होते. शाळा संपल्यानंतर पुढे काय, या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते.

गट जमला तो चार मित्रांचा नव्हे. ख्रिस्तियनला लोरेंझोचा धांदरटपणा सहन होत नसे. लोरेंझोला ख्रिस्तियनचा ताठा खटके. पण कागदावरील आकृतीप्रमाणे नळी कापावयास बसले की ख्रिस्तियनला लोरेंझोवाचून आणि लोरेंझोला ख्रिस्तियनवाचून गत्यंतर नसे. मैत्री झाली ती नंतर, कामाच्या ओघात.

पैशाची अडचण पहिल्या दिवसापासून होती. गावातील व्यापाऱ्यांकडे खेटे घालून, मागून-मागवून जे जमले ते एक हजार डॉलरांच्याही आत होते. विख्यात मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेचा, म्हणजे एमआयटीचा, संघही याच स्पर्धेत उतरणार होता. त्याच्या पाठीशी एका मोठ्या तेल कंपनीचे ५,००० डॉलर होते. धातूचा सांगाडा या मुलांना परवडणारा नव्हता. तेव्हा घराघरांत पाण्यासाठी वापरतात त्या प्लॅस्टिकच्या पांढऱ्या नळ्या त्यांनी घेतल्या. नळी स्वस्त, हलकी आणि करवतीने कापता येणारी. पण तिच्यात हवा असते. हवा भरलेल्या नळ्यांचा सांगाडा पाण्यात बुडणार कसा? येथे आर्किमिडीजचा नियम पुस्तकातून उठून समोर आला. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर उचलतो. सांगाडा तरंगताही कामा नये आणि दगडासारखा तळाशीही जाता कामा नये. पाण्यात जेथे सोडावा तेथे त्याने स्थिर राहिले पाहिजे. त्यासाठी नळ्यांतील हवा किती आणि त्यावर भार किती, याचा हिशेब मुलांनी मांडला.

नळ्या जोडण्याचा डिंक क्षणभरात घट्ट होई. एकदा चिकटविलेला सांधा पुन्हा सोडविता येत नसे. म्हणून नळ्या आधी कोरड्याच जुळवून पाहावयाच्या, खुणा करावयाच्या आणि मग एकेक सांधा डिंकाने पक्का करावयाचा, असे काम चाले. त्या डिंकाला इतका उग्र दर्प होता की बंद खोलीत काम करताना मुलांची डोकी गरगरत. त्या दर्पावरूनच यंत्राचे बारसे झाले : 'स्टिंकी', मराठीत म्हणावयाचे तर 'दुर्गंध्या'. तांबडा, निळा, पिवळा असे रंग फासल्यावर तर ते एखाद्या जत्रेतील खेळण्यासारखे दिसू लागले.

रूप गबाळे होते, पण विचार गबाळा नव्हता. अशा यंत्रांना वीज पुरविण्याची सर्वसाधारण रीत म्हणजे बॅटरी काठावर ठेवावयाची आणि जाड तारेतून वीज खाली सोडावयाची. तार लांब असली की वाटेत विजेचा दाब कमी होतो आणि ती जाड, जड तार यंत्राला मागे ओढीत राहते. फिनिक्सच्या मुलांनी बॅटरी यंत्रावरच बसविली. त्यामुळे काठापासून जाणारी तार बारीक झाली आणि यंत्र चपळ झाले. मात्र यात धोका मोठा होता. बॅटरीच्या पेटीत पाणी शिरले की सगळेच संपले. नाजूक विद्युत्-जोडण्यांसाठी खास पेटी करविणे परवडत नव्हते; त्यांनी बाजारातून पाणी न शिरणारी एक हातपेटी आणली आणि तिला भोके पाडून तारा आत घेतल्या.

स्पर्धेत पाण्याखालच्या सात कामगिऱ्या नेमून दिलेल्या होत्या. तलावात एका बुडालेल्या पाणबुडीची प्रतिकृती ठेवलेली असे. तिची लांबी मोजणे, खोली मोजणे, पाण्याचे तापमान घेणे, पडलेल्या वस्तू उचलून आणणे, अशी ती कामे होती. त्यांतील दोन कामांकडे अधिक लक्ष देण्यासारखे आहे.

पहिले लांबी मोजण्याचे. मुलांनी लेसर किरणाने अंतर मोजणारे साधन यंत्रावर बसविले. इमारत बांधणारे कारागीर अशा साधनाने खोलीची लांबी मोजतात. किरण समोरच्या भिंतीवर जाऊन परत येतो आणि प्रकाशाच्या वेगावरून साधन अंतर काढते. पण साधन गृहीत धरते तो वेग हवेतील असतो. सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर. पाण्यात शिरल्यावर प्रकाश मंदावतो आणि त्याचा वेग सुमारे २,२५,००० किलोमीटर होतो. बिचाऱ्या साधनाला हे काय ठाऊक! किरणाला परत यावयास उशीर झाला, म्हणजे भिंत दूर आहे, असे ते समजते. खरे अंतर तीन मीटर असेल तर ते चार मीटर दाखविते. म्हणजेच दिसलेल्या आकड्याला पाण्याच्या अपवर्तनांकाने, १.३३ ने, भागले की खरे अंतर मिळते. ही दुरुस्ती मुलांनी स्वतः करून घेतली होती, आणि पुढे तिचा मोठा उपयोग झाला.

दुसरे काम सगळ्यात कठीण. तळाशी एक पिंप ठेवलेले असे. त्याला लहानसे भोक. त्या भोकातून यंत्राने पिंपातील अर्धा लिटर द्रव काढून घ्यावयाचा आणि भोवतालचे पाणी त्यात मिसळू न देता वर आणावयाचा. मुलांनी काय केले? एक छोटा पंप, तांब्याची वाकविलेली नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला एक रबरी फुगा! रिकाम्या फुग्यात हवाही नसते आणि पाणीही नसते. पंप सुरू झाला की तो फुगा द्रवाने भरत जातो आणि बाहेरचे पाणी बाहेरच राहते. फुगा सुरक्षित राहावा म्हणून त्याला दुधाच्या प्लॅस्टिक बाटलीत बसविले.

ही सारी विद्या शाळेच्या पुस्तकात नव्हती. मग मुलांनी ती मिळविली कोठून? जेथे अडले तेथे त्यांनी विचारले. उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांना त्यांनी दूरध्वनी केले. आम्ही अमुक शाळेतील विद्यार्थी आहोत, पाण्याखालचे तापमान अचूक मोजावयाचे आहे, कोणते साधन घ्यावे आणि का, असे ते थेट तज्ज्ञ अभियंत्यांना विचारीत. त्या अभियंत्यांनाही गंमत वाटली असावी. त्यांनी वेळ काढला आणि सविस्तर समजावून दिले. सरावासाठी फिनिक्समधील पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाचा एक तलाव मिळाला. वाळवंटात पाणबुडे तयार करणारी संस्थाही होती, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. लाजवर्दी एकटेच वेडे नव्हते.

जूनमध्ये मंडळी सांता बार्बराला पोहोचली. तलावाकाठी एमआयटीचे बारा विद्यार्थी होते, आणि त्यांचे देखणे, आटोपशीर यंत्र होते. आपले रंगीत नळ्यांचे धूड त्याच्या शेजारी ठेवताना मुलांना काय वाटले असेल, ते सांगावयास नको. त्यातच सराव करताना दुर्गंध्याने पाण्यात आज्ञा पाळण्याचे सोडले, आणि हातपेटीतही पाणी झिरपत असल्याचे दिसून आले. दुसऱ्या दिवशी स्पर्धा! नवी पेटी आणावयास वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता. पाणी अडविता येत नसेल तर निदान आत आलेले पाणी जागच्या जागी शोषून घ्यावे, असे ठरले. लहान जागेत भरपूर पाणी शोषणारी वस्तू कोणती? मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रिया वापरतात ती दाबून भरलेली कापसाची गुंडाळी. ती आणावयाचे काम लोरेंझोकडे आले. दुकानात त्या फळीपुढे तो लाजून उभा राहिला, पण शेवटी त्याने धीर करून तेथील एका अनोळखी बाईंनाच विचारले. त्यांनी हसण्यावारी न नेता योग्य ती वस्तू काढून दिली. त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत उशिरापर्यंत जागून मुलांनी तारांचे बारीक सांधे पुन्हा डाखले आणि कापसाच्या गुंडाळ्या पेटीत बसविल्या.

सकाळी यंत्र पाण्यात उतरले. पेटीत फार पाणी शिरले नाही, आणि जे शिरले ते कापसाने अडविले. सगळ्याच कामगिऱ्या साधल्या असे नाही; एखादी वस्तू हाती लागता लागता निसटली आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून ती सोडून द्यावी लागली. पण पिंपापाशी नळी भोकात नेमकी शिरली, पंप घरघरला, फुगा भरला.

तोंडी परीक्षा याहून कठीण होती. परीक्षकांत अमेरिकेच्या नौदलाचे आणि नासाचे तज्ज्ञ होते. लेसरच्या साधनाविषयी विचारले तेव्हा ख्रिस्तियनने ते कसे चालते आणि पाण्यामुळे आकड्यात दुरुस्ती का करावी लागली, ते न अडखळता सांगितले. मोटारींचा वेग कसा नियंत्रित केला, यालाही नेमके उत्तर मिळाले. पडद्यावर चित्रे दाखवून माहिती देण्याची पद्धत तुम्ही का वापरली नाही, असे एका परीक्षकाने विचारले. त्यावर ख्रिस्तियनने शांतपणे उत्तर दिले की, बोलणाऱ्याला काय बोलावे हे सुचत नसले म्हणजे तसली साधने लागतात. हे उत्तर कदाचित थोडे उद्धट वाटेल. पण ज्या मुलांजवळ दाखविण्यासारखे काही नव्हते आणि सांगण्यासारखे पुष्कळ होते, त्यांनी ते दिले होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

बक्षीससमारंभ रात्रीच्या भोजनाच्या वेळी होता. प्रथम परीक्षकांच्या खास पारितोषिकासाठी कार्ल हेडन शाळेचे नाव पुकारले गेले. मुलांचे चेहरे उतरले. हे तर मन राखण्यासाठी दिलेले बक्षीस. आता दुसरे काही मिळावयाचे नाही, असा त्यांनी तर्क केला. पुढे रचनेच्या सौष्ठवाबद्दलचे पारितोषिक जाहीर झाले, तेही त्यांनाच. तो दुर्गंध्या आणि सौष्ठव! त्यानंतर तांत्रिक लेखनाचे पारितोषिक, तेही त्यांनाच. ज्या मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जाई आणि इंग्रजी ज्यांना शाळेत येऊन आत्मसात करावी लागली होती, त्यांचा इंग्रजी अहवाल सर्वांत चांगला ठरला. मग एकूण क्रमांक सांगण्यास प्रारंभ झाला. तिसरा क्रमांक केप फिअर कम्युनिटी कॉलेजचा. दुसरा एमआयटीचा. आणि पहिला अॅरिझोनातील फिनिक्सच्या कार्ल हेडन शाळेचा. सभागृहातील मंडळी उठून उभी राहिली. ज्यांना हरविले त्यांनीही टाळ्या वाजविल्या.

गोष्ट येथे थांबली असती तर ऐकणाऱ्यास समाधान वाटले असते. पण विजयचिन्हावर परवान्याचा शिक्का नसतो. २००५ साली जोशुआ डेव्हिस या लेखकाने एका मासिकात हा वृत्तांत लिहिला, तेव्हा वाचकांनी मुलांच्या शिक्षणासाठी आपण होऊन पैसे पाठविले. त्यानेच पुढे त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि २०१५ मध्ये त्यावरून चित्रपटही निघाला. मात्र २००६ च्या नोव्हेंबरात अॅरिझोनाच्या मतदारांनी एक कायदा संमत केला. ज्यांच्याजवळ परवाना नाही अशा विद्यार्थ्यांना, ते त्या राज्यात कितीही वर्षे राहिलेले असोत, विद्यापीठात राज्यातील विद्यार्थ्यांची कमी फी मिळेनाशी झाली. ख्रिस्तियन तेव्हा राज्याच्या विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होता. वाढलेली फी त्याला झेपली नाही आणि त्याला शिक्षण सोडावे लागले. चौघांत ज्याची बुद्धी सर्वांत तल्लख, त्याच्याच वाट्याला हे यावे! लोरेंझो आणि लुइस यांनी पाककलेचे शिक्षण घेतले आणि तो व्यवसाय धरला.

शाळेतील गट मात्र मोडला नाही. नवी मुले येत राहिली. २००८ मध्ये रोबोंच्या एका मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेत या शाळेला सर्वोच्च सन्मान मिळाला. हा सन्मान केवळ यंत्राच्या करामतीसाठी दिला जात नाही. विज्ञानाची आवड इतरांत पसरविण्यासाठी संघाने काय केले, हे त्यात पाहिले जाते.

ऑस्करने नेटाने २००९ साली यंत्र-अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पण परवान्यावाचून अभियंत्याची नोकरी त्याला कोण देणार? तोवर त्याचे लग्न झाले होते आणि घरात लहान मुलगी होती. लपून राहण्यापेक्षा नियमाप्रमाणे परत यावे असे ठरवून तो आपण होऊन मेक्सिकोत गेला आणि तेथून त्याने अमेरिकेत येण्यासाठी अर्ज केला. उत्तर आले ते असे की, त्याने पूर्वी परवान्यावाचून वास्तव्य केले असल्यामुळे दहा वर्षे त्याला प्रवेश नाही. पत्नी आणि मुलगी सीमेच्या त्या बाजूला, आणि तो या बाजूला! अमेरिकी सिनेटचे एक सभासद डिक डर्बिन यांनी त्याची बाजू लावून धरली, आणि २०१० साली त्याला परवानगी मिळाली. परत आल्यावर त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर तो सैन्यभरतीच्या कार्यालयात गेला. शाळेच्या कवायतीत ज्या गणवेशाचे स्वप्न त्याने पाहिले होते तो आता त्याच्या अंगावर चढला. पुढे तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि त्याची तुकडी अफगाणिस्तानात गेली.